ओरेस्तेची शेवटची खुर्ची अल ऐनला नेताना

दुबईतल्या जबल अलीच्या बंदराजवळच्या गोदामातून आमचा ट्रक बाहेर पडला तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. मी एरवी भित्रा माणूस. लिफ्टमध्ये एकटा शिरत नाही. पोलिसाची गाडी दिसली की खिशातलं ओळखपत्र चाचपतो. पण त्या दसऱ्याच्या सकाळी मला नेहमीपेक्षा कमी भीती वाटत होती. तिथेच काहीतरी चुकत होतं, असं आता वाटतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. कंपन्यांच्या पांढऱ्या बसमधून माणसं कामावर चाललेली, बरीचशी काचेला डोकं टेकून झोपलेली. आमच्या ट्रकमध्ये मागे थंड हवा सोडलेली होती, आणि त्या थंड हवेत लाकडाच्या सात पेट्या पट्ट्यांनी बांधून ठेवल्या होत्या. सात पेट्यांत मिळून एका माणसाचं आयुष्य होतं. ओरेस्ते पाल्वेरा त्याचं नाव. इटलीतला फर्निचरचा डिझायनर. त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात त्याचं मोठं नाव होतं म्हणे. पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंत त्याचं सगळं अल ऐनच्या एका प्रदर्शनात मांडणार होते. पेट्या सुखरूप नेणं, उघडणं आणि वस्तू जागेवर ठेवणं हे माझं काम.

मी कोण ते सांगायला हवं. लांज्याच्या पुढे आमचं गाव. घरात सुतारकी. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. अल क्वोजला (दुबईतला वर्कशॉप आणि गोदामांचा भाग) इस्माईलभाईंच्या वर्कशॉपात मी जुन्या खुर्च्या-सोफ्यांची दुरुस्ती करतो. इस्माईलभाई राजापूरकडचे. प्रदर्शनवाल्या कंपनीला नाजूक वस्तू हाताळायचं सर्टिफिकेट असलेला माणूस हवा होता. माझ्याकडे सातवी पासचा दाखला आहे. इस्माईलभाई मला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले आणि म्हणाले, "ह्याच्या हाताची खात्री माझी." कागदावर तसं लिहूनही दिलं. मी बाजूला उभा होतो. माझ्याबद्दल आयुष्यात कुणी काही असं लिहून दिलं नव्हतं.

माझ्या व्हिसाचे कागद पुढच्या महिन्यात नूतनीकरणाला जायचे होते. काही बिघडलं असतं तर मी गावी परत गेलो असतो, ते एक वेळ चाललं असतं. पण माझ्याबरोबर इस्माईलभाईंचा शब्दही गेला असता. त्या कंपनीचं काम त्यांना पुन्हा मिळालं नसतं.

निघायच्या आधी सातव्या पेटीने खोळंबा केला होता. बाकीच्या सहा पेट्या कस्टमवाल्यांनी बाहेरूनच बघून सोडल्या. सातवी सगळ्यांत लहान, पण वजन एवढं की त्यांना संशय आला. मशीनमध्ये घातली तर आत लोखंड दिसलं. "खोला," म्हणाले. मी पांढरे हातमोजे चढवले, स्क्रू काढले, आतली वस्तू उचलून टेबलावर ठेवली. लहान मुलाची खुर्ची निघाली. माझ्या गुडघ्याएवढी, ओकच्या जाड लाकडाची, बसायच्या जागेवर लोकरीचं फिक्कट जाड कापड, आणि त्याखाली बसवलेली लोखंडी पाटी. एवढ्याशा खुर्चीने माझी कंबर धरली. अधिकाऱ्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मान हलवली, आणि "खलास" म्हणाला. मी ती पुन्हा पेटीत ठेवली, स्क्रू आवळले. बाकीच्या पेट्यांना मी हात लावला तो फक्त बाहेरून.

ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघे होतो. चालवणारा गुलखान, पेशावरचा, पांढरी दाढी. मधे मी. खिडकीशी प्रदर्शनाच्या ऑफिसातली बाई, गळ्यात बारीक क्रूस, मांडीवर टॅबलेट. लहबाबकडे, वाळवंटात जाणाऱ्या रस्त्याला लागेपर्यंत ती फोनवर इंग्लिशमध्ये बोलत होती. फोन ठेवला आणि मराठीत म्हणाली, "तू कोकणातला काय?"

"हो मॅडम. लांजा."

"मॅडम राहू दे. वसईत मला फिलूबाय बोलतात. फिलोमिना ऑफिसात. इथे ट्रकात कसलं ऑफिस?"

"ट्रक मेरा ऑफिस है, बहनजी," गुलखान समोर बघतच म्हणाला. "जूता उतारके बैठो."

तिने खरंच चपला काढल्या. मग मला म्हणाली, "बरं झालं तू आहेस. मराठी बोलायला मिळतं. घरात पोरं नुसती इंग्लिश. मी मराठीत ओरडते, ती 'सॉरी मॉम' बोलतात. भांडणात पण मजा राहिली नाही."

शहर मागे पडलं. वाळू आधी पांढुरकी होती, ती हळूहळू विटेसारखी तांबूस झाली. रस्त्याच्या कडेने लांबच लांब जाळीचं कुंपण होतं, उंटांनी रस्त्यावर येऊ नये म्हणून. मी फिलूबायला विचारलं, हा ओरेस्ते कोण होता नक्की?

"बाप चर्चसाठी गुडघे टेकायची बाकं बनवायचा," ती टॅबलेट बघत म्हणाली. "हा पण तुझ्यासारखाच. शाळा अर्धवट सोडलेली."

"मग एवढा मोठा कसा झाला?"

"घाबरून."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिने सगळं सांगितलं. युद्धात त्यांच्या गावावर बॉम्ब पडले. आसपास आगी लागल्या, घर उभंच राहिलं. पण आजोबांच्या वेळचं अक्रोडाचं मोठं कपाट आडवं झालं आणि खोलीच्या दाराला बसलं. आत त्याची धाकटी बहीण होती. बाहेरून हा, बाप आणि शेजारी असे तिघे ढकलत राहिले. कपाट हललं नाही. पोर धुराने गेली.

त्यानंतर ओरेस्तेने जड वस्तू बनवली नाही. पहिल्या पेटीत त्याचं युद्धातलं स्टूल होतं, मोडक्या खिडक्यांच्या चौकटींचं. दुसऱ्या पेटीतल्या खुर्चीने त्याचं नाव झालं. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड आणि वेताची बैठक, शाळेतली पोरगीही एका बोटावर उचलेल इतकी हलकी. मिलानच्या कारखान्याने ती हजारोंनी काढली. मग एका जहाज कंपनीने जेवणघराच्या खुर्च्या मागितल्या आणि म्हणाले, जड करा, लाटांत सरकतात. ओरेस्ते नाही म्हणाला. खुर्च्या हलक्याच ठेवल्या आणि जमिनीला चामड्याच्या पट्ट्यांनी अडकवल्या, एक खटका ओढला की सुटतील अशा. ती तिसरी पेटी. चौथीत कपाट होतं, पण कपाट म्हणण्यासारखं काही नाही, छताला टांगायचं कापडाचं. पाचवीत नारिंगी प्लास्टिकची पोकळ खुर्ची. ती एवढी खपली की त्याने समुद्राकाठी घर घेतलं.

"आणि मग तेल महाग झालं," फिलूबाय म्हणाली. "प्लास्टिक पण महाग. कारखाना बंद. ह्याला कोणी विचारेना. सहाव्या पेटीत नुसती पुठ्ठ्याची मॉडेलं आहेत. कोणी बनवलीच नाहीत."

गुलखानला एवढं मराठी कळत होतं. समोरच्या रुंद काळ्या रस्त्याकडे त्याने हनुवटी उडवली. "उसका काम बंद, इधर का चालू. उसी तेल का रोड है ये."

"आणि सातवी?" मी म्हणालो. "ती तर दगडासारखी आहे."

"तेच ना. म्हातारपणी एकच जड वस्तू केली, तीही पोराची. का, ते ह्यात लिहिलं नाही. नात येणार आहे अल ऐनला, तिला माहीत असेल. सगळ्यांत महाग तीच आहे बघ. एकच आहे जगात."

अल ऐनच्या हायवेला लागल्यावर गुलखानने एका टपरीवजा हॉटेलापाशी गाडी घेतली. हॉर्न दिला की पोरगा गाडीपाशी चहा आणून देतो, तसलं. आम्ही करक (दाट उकळलेला वेलचीचा चहा) आणि पराठे मागवले. पराठ्यात चीज आणि बटाट्याचे वेफर चुरून घालतात इथे. ऐकायला विचित्र, पण भुकेला छान लागतो. हात पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर खिशातून हातमोजे बाहेर आले.

उजव्या मोज्याचा अंगठा पिवळा होता.

आधी वाटलं चहाचं काही सांडलं. मग मोजा नाकाशी धरला, हळदीचा वास आला. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. वर्कशॉपाच्या मागच्या कोपऱ्यात, फोमच्या गठ्ठ्यांपाशी, इस्माईलभाई मला दरवर्षी पूजेला जागा करून देतात. फुलं मी बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणतो. करवत, रंधा, पटाश्या, शिवणयंत्र, सगळी हत्यारं पुसून मांडतो. त्या वर्षी नवीन काम मिळालं होतं, म्हणून कंपनीने दिलेले पांढरे हातमोजेही मी पूजेत ठेवले. या कामाचं हत्यार तेच. कुंकवाचा डाग जाणार नाही म्हणून त्यांना नुसती हळद लावली, तीही उजव्या अंगठ्याला, बोटाच्या टोकाने. एवढी अक्कल चालवली होती. पहाटे खोलीत मोजे झटकून बघितले. वर्कशॉपाच्या कोपऱ्यातला दिवा पिवळा, खोलीतलाही पिवळाच. पिवळ्या दिव्यात हळद दिसत नाही, हे मला सुचलं नाही.

आणि तेच मोजे घालून मी गोदामात एकच वस्तू उचलली होती.

पराठा मी कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. फिलूबायने विचारलं, "काय झालं रे? उन्हाचं लागलं?" मी मोजा तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. तिने चहाचा पेला डॅशबोर्डवर ठेवला.

"हे तुला मलाच सांगायचं होतं?" ती म्हणाली. "नसतं सांगितलंस तर मला माहीतच नसतं. आता मी पण फसले."

"चुकलो फिलूबाय."

"लागला असेल की नाही डाग?"

"माहीत नाही."

"नसेल लागला," ती म्हणाली, आणि लगेच, "पण लोकर आहे ना वर. लोकर धरते."

गुलखानने काय झालं ते विचारलं. ऐकून म्हणाला, हळदच ना, धूप दिखाओ, खलास. फिलूबायने माझ्याकडे बघितलं. तिलाही तेच आठवलं होतं. तिची आईसुद्धा लग्नाच्या मांडवातून आली की पांढरी साडी उन्हात टाकायची, आणि संध्याकाळपर्यंत डाग उडून जायचा. आमच्या घरीही तेच. आम्हा दोघांना ठाऊक होतं की दुपारचं एवढं ऊन त्या डागाला पुरलं असतं. आणि दोघांना हेही ठाऊक होतं की जुन्या लाकडाला असलं ऊन दाखवणं म्हणजे त्याची कातडी सोलणं.

पुढे काही अंतरावर गुलखानने रस्ता सोडून ट्रक वाळूच्या कडेला घेतला. तिथे गाफची झाडं होती. आपल्याकडची शमी ती हीच, असं आमच्याकडच्या मारवाडी पॉलिशवाल्याने मला एकदा दाखवलं होतं. झाडाखाली उंटांच्या लेंड्या, एक फाटकी पाण्याची बाटली. वारा भट्टीतून आल्यासारखा. दसऱ्याचा दिवस आणि समोर शमी. पांडवांनी अज्ञातवासात हत्यारं शमीवर लपवून ठेवली होती, ती गोष्ट आजी सांगायची. मी खिशात हात घालून त्या झाडापाशी गेलो. खोडाला एक खोल फट होती. मोजे त्यात कोंबले असते तर कुणाला कधी सापडले नसते. डाग कुठून आला, कुणी लावला, कशानेच सिद्ध झालं नसतं.

मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. झाडाला नमस्कार केला आणि मोजे खिशात घेऊनच परत आलो. त्यात चांगुलपणा होता असं नाही. लपवलेली वस्तू सापडेल, ही भीती मला डागापेक्षा मोठी वाटली.

"बघू तरी," फिलूबाय म्हणाली. "नुसतं झाकण काढून बघू. ऊन द्यायचं की नाही ते मग."

मी मागे चढलो. दोन स्क्रू काढले असतील, तेवढ्यात वाळूवर चाकं वाजली. पोलिसाची गाडी. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. तरुण अरब पोलीस उतरला, काळा चष्मा, शांत चेहरा. इथल्या बऱ्याच लोकांना कामापुरतं हिंदी येतं.

"क्या प्रॉब्लेम?"

फिलूबायने कागद दाखवले, टॅबलेटवर फोटो दाखवला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला.

"ये बच्चा का कुर्सी?"

"येस सर."

"इतना बडा ट्रक, एसी, तीन आदमी. एक बच्चा का कुर्सी?"

"सात आहेत सर," फिलूबायच्या तोंडून मराठीच निघालं.

तो गुलखानकडे वळला. "ये बच्चा कौन है, बाबा? शेख है क्या?" मग हसला, कागद परत दिले. "इधर रुकना मना. यल्ला, आगे पेट्रोल पंप पे रुको."

पेट्रोल पंपावर माणसं होती, कॅमेरे होते. तिथे पेटी उघडायचा प्रश्नच नव्हता. मी दोन स्क्रू परत बसवले तेव्हा ड्रिल दोनदा सटकलं. डाग आहे की नाही, हे न कळताच आम्ही अल ऐनला निघालो. उरलेल्या रस्त्यात मी देवाकडे एकच मागत होतो, की डाग नसू दे. मग वाटायचं, हळद लावून देवाकडेच तर काहीतरी मागितलं होतं आदल्या दिवशी. आता त्यातलंच कमी कर म्हणून सांगायचं?

अल ऐन दुबईसारखं उंच नाही. झाडांचे मोठे चौक, खजुरांच्या बागा, आणि लांब उन्हात विरघळल्यासारखा दिसणारा हफीतचा डोंगर. एका बागेच्या भिंतीला लागून फलज वाहत होता (बागांना पाणी पोचवणारा पाट). कोकणातल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की बरं वाटतं. त्या दिवशी ते पाणी बघूनही माझी जीभ कोरडीच राहिली.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे थंड, पांढरा, रिकामा. आमची वाट बघत दोघे उभे होते. एक रामीसाहेब, लेबनानचे, वस्तू तपासून घेणारे. हातात बारीक टॉर्च. दुसरी ओरेस्तेची नात, एलेनाबाई. वय पन्नाशीचं, केस सगळे पांढरे, एका भुवईत जुनी खूण. ती इंग्लिश बोलायची, फिलूबाय मला मराठीत सांगायची. आत शिरताना फिलूबायने तिच्या पिशवीतून नवे कोरे हातमोजे काढून मला दिले. हलक्या आवाजात म्हणाली, "तू काही बोलू नको. काय असेल ते मी बोलते."

एकेक पेटी उघडली. स्टूल. मग ती वेताची खुर्ची. ती हातात घेतली आणि मी दचकलो. एवढी हलकी की आपण काही उचललंय असं हाताला वाटतच नाही. रामीसाहेब प्रत्येक वस्तूवरून टॉर्च फिरवायचे, फोटो काढायचे, "ओके हबीबी" म्हणायचे. जहाजाची खुर्ची. टांगायचं कपाट. नारिंगी खुर्ची. पुठ्ठ्याची मॉडेलं. सगळं ओके.

सातव्या पेटीतली खुर्ची मी टेबलावर ठेवली. टॉर्चचा उजेड पायांवरून वर आला, पाठीवरून फिरला, आणि बैठकीच्या कोपऱ्यावर थांबला. अर्ध्या अंगठ्याएवढा फिक्कट पिवळा डाग.

रामीसाहेब वाकले. मग एलेनाबाईला विचारलं, हा आधीचाच आहे का? ती चष्मा लावून बघू लागली. म्हणाली, असू शकेल, जुनी खुर्ची आहे, मुलांच्या घरातली. रामीसाहेबांनी मान डोलावली आणि जुना डाग असं लिहायला घेतलं.

फिलूबाय हे मला सांगत होती आणि सांगता सांगता डोळ्यांनी म्हणत होती, गप्प राहा. गप्प राहिलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. इस्माईलभाईंनी खात्री दिली होती ती हाताची. आणि हा हात माझा होता.

"नो सर," मी म्हणालो. "ओल्ड नो. माय हँड. टुडे."

खिशातून तो मोजा काढून मी टेबलावर ठेवला. फिलूबायने डोळे मिटले. मग तिने सगळं नीट सांगितलं, पूजा, हळद, पिवळा दिवा. आपल्याला हे वाटेतच कळलं होतं, हेही सांगितलं. ते तिला सांगायची गरज नव्हती.

रामीसाहेबांचा चेहरा बदलला. ते भरभर बोलू लागले. त्यातलं 'सर्टिफिकेट' तेवढं मला कळलं. एलेनाबाईने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला काहीतरी विचारलं.

"ती विचारते, हातमोज्यांची पूजा करता म्हणजे काय मागता?"

जे घरात वडील म्हणायचे तेच म्हणालो. "हत्याराने कुणाला इजा होऊ नये. आमच्या हातून बनलेल्या वस्तूनेही होऊ नये."

फिलूबायने ते इंग्लिशमध्ये सांगितलं. एलेनाबाईने भुवईतल्या खुणेवर बोट ठेवलं. मग हळूहळू सांगत गेली, आणि फिलूबाय मला सांगत गेली. ही दीड वर्षांची असताना आजोबांची ती नावाजलेली हलकी खुर्ची धरून उभी राहायला लागली. खुर्ची हलकी, ती हिच्यासकट उलटली. भुवई फुटली, घरभर रक्त. ओरेस्ते त्या दिवशी जेवला नाही. आयुष्यभर ज्या भीतीने त्याने वस्तू हलक्या केल्या, त्याच हलकेपणाने घरातल्या पोरीला लागलं. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपात गेला आणि पोराने कितीही ओढलं तरी उलटणार नाही अशी खुर्ची बनवली. त्यानंतर त्याने काहीच बनवलं नाही.

मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ दे. तसं ती म्हणाली नाही. डाग लिहावा लागेल, असं म्हणाली. साफ करायचा की नाही ते घरच्यांना विचारून सांगीन. रामीसाहेबांनी लिहिलं, फोटो काढले, मोजा एका पिशवीत घातला. मग मला म्हणाले, इथून पुढे तू कशालाही हात लावायचा नाही. बाहेर थांब.

मी बाहेर जाऊन भिंतीच्या सावलीत बसलो. ट्रकमधलं जाड ब्लँकेट गुलखानने आणून दिलं. आत दुसरी माणसं ओरेस्तेची आयुष्यभराची कामं मांडत होती आणि मला इथे रिकाम्या पेट्या ओढल्याचे आवाज ऐकू येत होते. इस्माईलभाईंना फोन करावा असं वाटत होतं. नंबर काढायचो आणि फोन खिशात ठेवायचो.

थोड्या वेळाने एलेनाबाई बाहेर आली. हातात खजुरांची छोटी डबी. मी उठायला लागलो तर तिने बस म्हणून खूण केली आणि ब्लँकेटच्या दुसऱ्या टोकाला स्वतः बसली. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तिने फोनवर एक जुना फोटो दाखवला. त्याच खुर्चीत बसलेली एक लहान मुलगी, भुवईला पट्टी, गालांवर, हातांवर आणि खुर्चीच्या काठावर टोमॅटोची भाजी फासलेली. फोटोत मागे एका म्हाताऱ्याचा नुसता हात दिसत होता, पाठीला धरलेला. खुर्ची उलटणारी नव्हती, तरी त्याने धरली होती. मी तो हात बघत राहिलो. तिने मला दोन खजूर दिले, आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर फिलूबाय टॅबलेट बंद करून बसली होती. मी म्हणालो, "माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

"झालं तर झालं," ती म्हणाली. "घरी जाऊन पोरांना सांगते. ती बोलतील, मॉम, यू आर सो ब्रेव्ह. मी बोलेन, ब्रेव्ह कसली, माझे पाय अजून लटपटतायत." मग चपला काढून पाय वर घेतले आणि झोपून गेली. लाल वाळू संध्याकाळच्या उन्हात काळसर झाली होती. गाफची ती झाडं मागे गेली तेव्हा मी मान वळवून बघितलं.

अल क्वोजला पोचलो तेव्हा इस्माईलभाई दुकान बंद करायचे थांबले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "आलं त्यांचं. मेल वाचला मी."

"भाई, माझ्यामुळे..."

"चूप बस जरा. पाणी पी." मी पाणी प्यायलो. ते स्टुलावर बसले. "पुढच्या वेळी सर्टिफिकेटवाला माणूस पाठवा, असं लिहिलंय."

"मग?"

"मग काय मेल्या. सर्टिफिकेट कुठे मिळतं, कोर्स कधी असतो, विचारलंय त्यांना. तुझं नाव दिलंय." त्यांनी कुलूप उचललं. "आणि दुसरं एक लिहून पाठवलंय. मी तुझ्या हाताची खात्री दिली होती, तोंडाची द्यायची राहिली होती. तीही दिली आज."

ते शटर ओढत होते, मी खालून धरलं.

व्हिसाचे कागद वेळेवर सुरळीत गेले. कंपनीचं पुढचं काम आम्हाला लगेच मिळालं नाही. प्रदर्शन संपल्यावर सातही पेट्या जबल अलीहून परत गेल्या, त्या दुसऱ्यांनी भरल्या. फिलूबायचा फोन आला होता. एलेनाबाईच्या घरच्यांनी कळवलं की डाग काढायचा नाही, तसाच राहू दे. म्हणजे आता इटलीत कुठल्यातरी घरात, मी कधी पाहणार नाही अशा खोलीत, त्या जड खुर्चीवर माझ्या अंगठ्याची हळद आहे. ते आठवलं की बरं वाटतं, आणि लगेच भीतीही वाटते. भीती माझी गेली नाही. जाईल असं वाटत नाही. ओरेस्तेचीही गेली नव्हती. शेवटपर्यंत त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होताच.

यंदा खंडेनवमीला मी पुन्हा पूजा मांडली. हातमोजे हत्यारांच्या रांगेत ठेवले. हळदीचं बोट मात्र मोज्यांना न लावता त्यांच्यासमोर जमिनीला टेकवलं, आणि इस्माईलभाईंनी कोपऱ्यातला पिवळा दिवा काढून पांढरा लावला.